बाबांचा आवाज आणि कॅमेऱ्याची खरेदी

आमच्या घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की वस्तू सगळ्यात शेवटी येते, किस्से आधी येऊन बसतात. कूलरच्या वेळी असंच झालं, फ्रिजच्या वेळीही. पण व्हिडिओ कॅमेऱ्याने सगळ्यांवर कडी केली. कारण या वेळी मला घाई होती, आणि आमच्या घरात घाई एकट्या मलाच असते!

घाईचं कारण सांगते. माझे बाबा अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास बोलतात. हर्रास म्हणजे लिलाव. माल पुढे आला की भाव पुकारायचा, चढवायचा, आणि "तीनवार!" म्हणून तोडायचा. इतकी वर्षं माइकशिवाय. काका म्हणतो, "तुझ्या बापानं 'बोला!' म्हटलं की गेटबाहेरच्या चहावाल्याचा कप हालते."

उन्हाळ्यात बाबांच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर आवाज असाच राहील, अशी हमी मी देत नाही." तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली.

मी त्याच दिवशी जाहीर केलं, "कॅमेरा घ्यायचा! बाबांचा हर्रास रेकॉर्ड करायचा!"

बाबा म्हणाले, "आन् थो पाहीन कोन?"

*

"फोन हाये ना हातात, कॅमेरा कायले?" काका म्हणाला. म्हणून आधी फोन घेऊनच बाजारात गेले.

पहिल्या दिवशी बाबा रंगात आले, टमाट्याचा भाव चढायला लागला, आणि नेमका अकोल्याहून आत्याचा फोन! "काय करून राहिली वं?" रेकॉर्डिंग तिथेच कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाकला. समोर बम गर्दी. काही दिसेना म्हणून फोन धरलेला हात उंच केला. बाबांची नजर माझ्या हातावर आली.

"हा आला हात! एकवार, दोनवार... तीनवार! बाईच्या नावानं लिहा!"

सांभाराचा अख्खा ढीग माझ्या नावावर! (पुण्याच्या वाचकांनी कोथिंबीर समजावी.) मी ओरडले, "बाबा, मी फोन धरला होता!"

"हर्रासात हात वर गेला म्हंजे बोली झाली. मंग त्या हातात फोन असो का फणस!"

आठ दिवस घरात सांभारवडी. शेवटी शेवटी तर मी डबा घेऊन गेले की शेजारच्या काकू दारातूनच म्हणायच्या, "आमचा उपास हाये!"

*

मग बाबा आणि मी अमरावतीतल्या एका चकचकीत शोरूममध्ये गेलो. सेल्समन माझ्याच वयाचा. त्याने आधी मला मोबाइल दाखवला, मग त्याहून महाग मोबाइल दाखवला. व्हिडिओ कॅमेरा म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी जातं मागितलं होतं. मी त्याला आवाज, आठवण आणि आपल्या पिढीचा आळस यावर पाच मिनिटं भाषण दिलं. तो मुकाट्याने आत गेला आणि कॅमेरा घेऊन आला.

बाबांनी कॅमेरा तळहातावर तोलला. उलटा केला. बुडाशी टिचकी मारली. वांगं पाहतात तसा उजेडाकडे धरला.

"माल कवाचा हाये?"

"सर, नवाच आहे. याला झूम बघा किती आहे! लांबचा माणूस एकदम जवळ दिसतो."

"मानूस लांब असन त मी चालत जाईन ना त्याच्याजवळ. झूम कायले पायजे?"

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली.

*

शोरूमचा भाव आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला. तेव्हा आमच्या कॉलेजच्या सरांनी त्यांचा जुना कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. "वापरून बघ, जमलं तर मग स्वतःचा घे." मी तो जिवापाड सांभाळत घरी आणला, टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले.

परत आले तर कॅमेऱ्यासमोर उदबत्ती! आमच्या आईच्या हाती नवीन वस्तू लागली की तिला कुंकू लागतंच. मिक्सरला लागलं, गॅसच्या सिलिंडरला लागलं. कॅमेऱ्यालाही लागलं, बरोब्बर काचेवर!

"आई! काचेवर काहून लावलं?"

"मंग कपाळ कुठं हाये त्याचं? मले त तेच दिसलं!"

पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये आमचं सगळं घर लालेलाल आहे. काका जास्वंदीसारखा दिसतो.

*

काच पुसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना अंगणात खुर्चीवर बसवलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला तशी म्हटलं, "बोला बाबा, बाजारात बोलता तसं."

बाबांनी शर्टाची वरची गुंडी लावली. पाठ ताठ केली.

"नमस्कार. मी एक भाजीपाला व्यावसायिक असून गेली अनेक वर्षे अमरावती येथे कार्यरत आहे."

आई पोळी लाटता लाटता बाहेर आली. "कोन आलं वं?"

"कोणी नाही, बाबाच आहेत."

"हे बाबा होत? मले वाटलं, बँकेचा सायेब आला!"

मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा "कार्यरत". तिसऱ्यांदा तर ते "तद्नंतर" म्हणाले! मी वैतागले. "बाबा, काहून असं बोलून राहिले? तुमच्या आवाजात बोला ना!"

"रेकार्ड हाये ना बाई. थे मांगं राहीन. जे मांगं राह्यते थे चांगलं पायजे."

आपलं बोलणं चांगलं नाही, हे या माणसाला कोणी सांगितलं असेल? मला इतका राग आला, की त्याच संध्याकाळी कॅमेरा सरांना परत देऊन आले. बाजारात जाऊन फोनवरच रेकॉर्ड करावं म्हटलं तर तेही बंद झालं. तोवर डॉक्टरांनी बाबांना आवाज चढवायची सक्त मनाई केली आणि हर्रास काका बोलायला लागला. तारीख दहा दिवसांवर आली होती.

*

ऑपरेशन होऊन आता सहा महिने झाले. बाबा ठणठणीत आहेत. बाजारात रोज जातात, वांग्याच्या भरताबरोबर ज्वारीची भाकर हाणतात. आवाज मात्र बारीक झाला, कागद घासल्यासारखा. हर्रास काकाच बोलतो. बाबा शेजारी उभे राहतात आणि काका चुकला की त्याच्या बरगडीत बोट खुपसतात. बोट पुरेसं आहे!

ओळखीचे विचारतात, "मग कॅमेरा घेतला का नाही?"

नाही घेतला. त्यासाठी अकोल्याचा किस्सा सांगावा लागतो.

*

ऑपरेशनला तेव्हा चार दिवस उरले होते. आत्याने कळवलं, की अकोल्यात एका दुकानात वापरलेला कॅमेरा स्वस्तात आहे, एकच आहे. हर्रास नाही तर निदान बाबांचं साधं बोलणं तरी राहील, म्हणून त्यांना घेऊन मी सकाळच्या एसटीने निघाले. डॉक्टरांच्या धाकाने बाबा अकोल्यापर्यंत खुणेनेच बोलले.

दुकानदाराने मी सोबत नेलेलं मेमरी कार्डच कॅमेऱ्यात टाकलं, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालवून दाखवायला लागला. तेवढ्यात अचलपूरचे एक रिटायर गुरुजी आले. नातीच्या बारशासाठी त्यांनीही हाच कॅमेरा फोनवर सांगून ठेवला होता.

मी म्हटलं, "आम्ही आधी आलो!"

गुरुजी म्हणाले, "म्या आधी सांगतलं!"

दुकानदार म्हणाला, "तुमीच ठरवा जी, मले दोघंबी सारखे."

आमचा वाद वाढला. मी आवाज चढवला, गुरुजींनी छत्री आपटली. रस्त्यावरचे चार लोक आत आले. माल पुढे आहे, गिऱ्हाईक दोन आहेत आणि भाव तुटत नाही! बाबांचा चेहरा बदलत गेला. बाजारातल्या माणसाला हे सहन होत नसतं.

"सरका मांगं!"

काचेचं शोकेस थरथरलं. "माल एक, घेनार दोन! दुकानदाराचा भाव थो पह्यला भाव! बोला! कोन चढते? हा, पोरगी चढली! गुरुजी, नातीचं बारसं हाये का शेजाऱ्याचं? बोला! हा चढले गुरुजी! आता काय हालत नाईत गुरुजी, पाय रोवले त्याइनं! अय बाई, झोपली का? बोल!"

दारात गर्दी झाली. बाबांनी एक पाय स्टुलावर ठेवला होता, मान मागे टाकली होती. मी घाईघाईने बोली चढवत गेले आणि चौथ्या बोलीलाच पर्स रिकामी झाली. गुरुजींनी शांतपणे आणखी शंभर वर ठेवले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडकुंडीला आले. "बाबा, आपल्यालेच पायजे ना थो! तुमच्यासाठीच घेऊन राहिली ना मी!"

"हर्रासात बाप नसते वं बाई! बोली बोल!"

मी रिकामी पर्स उलटी करून दाखवली.

"एकवार! दोनवार! हाये का कोनी? तीनवार! घेऊन जा गुरुजी, बारसं करा झकास!"

दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदाराने बाबांना चहा सांगितला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

गुरुजींनी कॅमेरा उचलला. चष्मा सावरत सगळ्या बाजूंनी पाहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "पोरी, तुले समजते वाट्टे याच्यातलं. हा लाल दिवा कवाचा चालू हाये वं?"