फळ्यावरचे ठसे

शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला शिकवणं हे माझं काम. शाळेत गेले की मी आधी डिजिटल फळा बघते. बहुधा तो लखलखीत असतो, वर हळदकुंकू. नवी वस्तू आपण पुजतो, जपतो. वापरायचं राहून जातं. मग माझी मेहनत फुकट.

काल एका शाळेत फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर बोटांचे चिकट ठसे दिसले. वर्गाच्या बाई ओशाळून पदरानं पुसायला धावल्या.

"कितीदा सांगितलं मॅडम, पण अपूर्णांक आले की कार्टी इथंच. भाकरीसारखे तुकडे करत बसतात."

"राहू द्या, पुसू नका."

"अहवालात लिहाल ना, फळा घाण म्हणून?"

वर, बाईंच्या उंचीला, काच स्वच्छ होती. फळा मुलांनी ताब्यात घेतला होता.

"लिहीन की," मी म्हटलं, "पहिल्याच ओळीत. अभिनंदनासकट."