डुलकीचा किस्सा

संग्रहालयात त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण एकदा लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. काम होतं जुनी संगणक-चित्रं बघायला येणाऱ्यांना ती समजावून सांगण्याचं. यात समजावण्यासारखं काय आहे, हा प्रश्न येणाऱ्यांच्या तोंडावर लिहिलेला असायचा. कागदावर काळ्या रेघा, चौकोन, ठिपके. लोक भराभर पुढे सरकून थेट कॅन्टीन गाठायचे. ते रेडिओच्या जिव्हारी लागायचं, कारण या चित्रांवर त्याचा खरोखर जीव होता.

म्हणून त्याने एक किस्सा रचला. एका चित्रात वरच्या ओळींतले चौकोन शिस्तीत उभे आहेत आणि खाली येता येता ते कलंडत, एकमेकांवर कोसळत जातात. पन्नासेक वर्षांपूर्वी एका संगणक-केंद्रातल्या ऑपरेटर बाईंनी ते पेन धरून रेघा ओढणाऱ्या यंत्राकडून काढून घेतलं होतं. त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. संचालकबाई ते शोधून शोधून थकल्या होत्या, शेवटी चित्राचा फोटो पेपरात छापून आणला होता. रेडिओचं आपलं वेगळंच. "बाईंना लागली डुलकी," मान टाकून तो घोरून दाखवायचा, "कोपर पडलं बटणावर, यंत्र सुटलं मोकाट! जाग येऊन बघतात तो काय, कला तयार!" हशा पिकायचा, लोक थांबून चित्र बघायचे. संचालकबाईंनी एकदा ऐकून कपाळाला हात लावला होता. रेडिओने ते हसण्यावारी नेलं.

त्या दिवशीही सगळे हसले. सगळ्यात जास्त हसली एक चाळिशीतली बाई. शेजारच्या म्हाताऱ्या सासूचा खांदा हलवत ती म्हणाली, "अगंबाई, आई! म्हणजे टीव्हीसमोर पेंगायची सवय तेव्हापासूनची! आणि पेपरातला फोटो दाखवून आम्हाला सांगत होतात, मी डोकं लावून काढलंय म्हणून!"

सासूबाईही हसल्या, तोंडावर हात ठेवून.

त्या ऑपरेटर बाई याच, हे रेडिओच्या लक्षात आलं. 'थाप मारली हो मी' एवढंच म्हणायचं होतं. पण समोरची माणसं इतकी खुशीत होती, आणि ती खुशी त्याने मिळवलेली होती. तो पुढच्या चित्राकडे वळला. आपण किती हलके आहोत हे त्याला त्या चार पावलांत कळलं.

सून फोन करायला बाहेर गेली तशी म्हातारी जवळ आली. "डुलकीचं तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

"कुणी नाही. मीच... नुसतं चित्र बघायला लोक थांबत नाहीत, आजी."

"असं होय." ती चित्राकडे बघत राहिली. "प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा जरासा जास्त वाकवायचा, एवढंच होतं. पण यंत्राला ते सांगायचं कसं? कार्डांना भोकं पाडून सांगावं लागायचं. जेवणाच्या सुट्टीत बसायचे. डबा तसाच घरी जायचा."

चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात राग नावालाही नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून आत येताच त्याने धीर केला. "ताई, तो किस्सा खोटा आहे. मी रचलाय. हे चित्र यांनी जाणूनबुजून असं काढलंय, एकेका चौकोनाचा विचार करून."

"अहो, असू द्या!" सून हसली. "यांना वाईट वाटलं म्हणून सांगताय ना? आमच्या घरी कुणी मनाला लावून घेत नाही. आत्ताच ह्यांना फोनवर सांगितलं, पोट धरधरून हसतायत."

"शपथ घेऊन सांगतो, ताई."

"आता शपथ कशाला एवढ्याशा गोष्टीला?"

इतकी वर्षं त्याच्या थापेवर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि खरं बोलला तर तो नुसता भला माणूस ठरत होता. तो म्हातारीकडे वळला. "आजी, तुम्ही तरी सांगा. नाव द्या तुमचं. आत्ता संचालकबाईंना बोलावतो, चित्राखाली नाव लावू."

तिने सुनेच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते. तिने त्याच्या दंडावर थोपटलं, जणू समजूत त्याचीच काढायची होती.

"राहू द्या हो. लागलीही असेल डुलकी. आता कुठे आठवतंय?"