बाळंतिणीच्या खोलीला पाडलेली खिडकी

माझी धाकटी बहीण विलायतेहून आली, तेव्हा आमच्या वाडीत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो तिच्या टकटकीचा. उघड्या दारातून आत जायचं तरी ती आधी बोटाने फळी वाजवायची. स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात जाताना सुद्धा.

"कोण गो ता?" आई आतून विचारायची.

"मी, आये."

"घर तुझा, दार तुझा, मगे टकटक कशाक? मेमांनी बरा वळाण लावल्यानी."

गोवा सुटला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. मालवणपासून चालत तासाभराच्या वाटेवर, समुद्राच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी गवंडी. बाप लवकर गेला म्हणून दुसरीतून उठलो आणि चिऱ्याच्या कामाला लागलो. बहिणीला मात्र मी शाळेतून उठू दिलं नाही. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली आणि तिथल्या मोठ्या बाईंनी तिला बाळंतपणाचं शिकायला विलायतेला धाडली. मुलगी समुद्रापलीकडे पाठवतोस म्हणून वाडीने मला नावं ठेवली.

पाच वर्षांनी मार्गशीर्षात ती परतली. तिकडच्या इस्पितळाने तिची जागा राखून ठेवली होती. घरच्यांना भेटायचं, वैशाखात मालवणची शेवटची बोट धरायची, मुंबईहून विलायतेची, असं ठरवून आली होती. पावसाळ्यात, गणपती होईपर्यंत, आमच्याकडच्या बोटी बंद. ती शेवटची सोडली तर मुंबईची बोट गाठता येत नव्हती, आणि जागाही राहत नव्हती.

आल्या दिवशी आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हिने आभार मानले. आई रात्री जेवली नाही. "आवशीचे आभार मानतंस? मी काय परकी आसंय?" बहिणीने तिला जवळ घेऊन समजूत काढली, पण दुसऱ्या दिवशी तोंडातून पुन्हा तेच गेलं. बांगड्याचं तिखलं तिने मागून घेतलं आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवलं. सकाळपासून बायका येऊन बसत. तिची पेटी उघडून बघत, लोकरीचा कोट अंगावर घालून बघत, लग्नाचं विचारत. ती कोणाला उठ म्हणाली नाही. कोणाचं पोर तापलं की कळल्याबरोबर जायची. हात इतके धुवायची की विहिरीवरच्या बायका म्हणत, "हिका कातडा सोलून जावचा आसा." पण पोर तापलं की त्याच बायका हिला हाक मारायला येत.

एकदा दुपारची ती घरात दिसेना. विहिरीच्या मागे माडाखाली एकटी बसलेली सापडली. मी विचारलं, "काय झाला गो?"

ती म्हणाली, "दादा, थंय माका एक खोली होती. एक खाट, एक मेज, एक जनेल. जनेलातसून समोरच्या घराचा धुराडा दिसा, आणिक कायएक नाय. पाच वर्सां थंय बसान हंयच्या माडांची आठवण काढलंय. आता माडाखाली बसलंय, तर ता धुराडा आठवता. माका कळणा नाय मी खंयची."

जनेल म्हणजे खिडकी. एवढं सगळं ऐकून माझ्या हाती लागलं ते एवढंच. खिडकी मला पाडता येत होती.

"खोली होयी मां तुका? चल."

आमच्या घरात आतून कडी असलेली खोली एकच, बाळंतिणीची. काळीकुट्ट, झरोकासुद्धा नाही. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मुद्दाम तशीच बांधायची रीत. कोणी बाळंत नसेल तेव्हा तिथे नारळ आणि भाताच्या कणग्या असत. मी कणग्या बाहेर काढायला लागलो तशी आई आडवी आली.

"अरे, लगीन जावचा चेडू ता. त्येका बाळंतिणीचे खोलयेत घालतंस? लोक काय म्हणतले?"

"लोकांनी आपापल्या घरातल्ये खोलये मोजूचे."

शेजारच्या घरातून काका आले. बापामागे घरातलं वडील माणूस तेच. भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "वाशे हेच्यार टेकलेले आसत. भिताड फोडलंस काय घर बसतला."

"बसला तर तुमच्या पडवेत येवन ऱ्हवतलंव."

चिऱ्याच्या भिंतीपुढे मला कोणी शिकवू नये. बहिणीला तिच्या पेटीवर बसवली आणि तिच्या कोपराच्या उंचीला कोळशाने रेघ मारली. वरचा भार घ्यायला फणसाची फळी आधी सरकवली, मग एकेक चिरा सोडवला. वरची माती सुद्धा झरली नाही. पश्चिमेच्या भिंतीचा चिरा निघाला तसा आत उजेड आला आणि माडांच्या मधून समुद्राचा एक तुकडा दिसला. आमच्या घरातून समुद्र दिसतो हे घरात जन्म काढून मला त्या दिवशी कळलं. बहीण खिडकीत कोपर टेकून बसली. मी हत्यारं उचलून निघालो.

माझी बायको तेव्हा पोटुशी होती. थोरली मुलगी तिच्या माहेरी मिठबावला झालेली. दुसरं बाळंतपण आमच्या घरात, त्याच खोलीत झालं होतं, आणि ते मूल सातव्या दिवशी गेलं. आईच्या मते दाराच्या फटीतून वारा शिरला. बहिणीने सगळं विचारून घेतलं. खाटेखाली शेगडी, वर धुरी, दार बंद. मग आईच्या कानावर जाऊ नये म्हणून ती मला अंगणात नेऊन म्हणाली, "दादा, त्या पोराक वारो नाय मिळालो."

बाळंतपण पावसाच्या तोंडावर, म्हणजे बोट गेल्यावर येणार होतं. चैत्र सरला तसं घरात रोज एकच सुरू झालं.

"एक पोर गेला मां हयच खोलयेत," आई म्हणे. "आता बुजव ता जनेल."

काकाही म्हणाले, "पावणी बोटीन जातली, वारो हंयच ऱ्हवतलो."

त्यांचं खोटं नव्हतं. बहीण गेली की मागे वाडीची सुईण, शेगडी आणि धूर. बहीण थांबली तर तिकडची जागा गेली. ती दिवसभर हसतमुख असायची, पण संध्याकाळी खोलीची कडी आतून लागे. एकदा मला म्हणाली, "थंय माझी जागा गणपतीपर्यंत कोण राखूचो नाय, दादा." मी तिला थांब म्हटलं नाही. जिला मी हट्टाने पाठवली, तिला हट्टाने बांधून कशी ठेवू?

शेवटी एका जेवणावेळी माझी बायकोच बोलली. मोठ्यांपुढे ती सहसा तोंड उघडत नसे. वाढता वाढता नणंदेला म्हणाली, "वन्सं, तुमी जावा. माझ्यासाठी अडकान ऱ्हवा नको. जनेल मात्र उघडाच ऱ्हवतला. माका त्या खोलयेत आता काळोख सोसूचो नाय."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जनेल बुजवूचा तर चुनो मी कालवूक व्हयो. आणि मी काय कालवणंय नाय."

म्हणजे बहीण मोकळी झाली. बोटीच्या दिवशी मी तिची पेटी बांधली, गाडीवाल्याला सांगून ठेवलं. गाडी दारात आली, बैल शेपट्या हलवत उभे. बहीण काही बाहेर येईना. मी आत बघायला गेलो. खोलीत ती आणि माझी बायको दोघी खिडकीशी, बायकोचा हात हिच्या हातात. नाडी बघत होती की नुसताच धरला होता, कोण जाणे. नंतर खूप वेळाने माडांच्या मधल्या तुकड्यात बोटीचा धूर दिसला. तो उत्तरेला सरकत गेला आणि माडाआड झाला.

"गाडी धाड परत," बहीण म्हणाली. डोळे भरलेले होते, आवाज कोरडा होता.

"गो, आम्ही कोण तुका आडवूक नाय."

"आडवलास असता तर गेलंय असतंय."

माझ्याच आईची लेक. मी गाडीवाल्याला गूळपाणी देऊन वाटेला लावलं.

बाळंतपण तिने केलं. शेगडी पडवीत, धुरी नाही, खिडकी उघडी. आईचं मन राहीना म्हणून तिने आपलं जुनं लुगडं बाहेरून खिडकीला बांधलं. बहिणीने ते काढलं नाही, फक्त वरची गाठ सैल केली. मुलगा झाला. सातव्या दिवशी आई सकाळपासून उंबऱ्यावर बसून होती. संध्याकाळी पोराने भोकाड पसरलं, तेव्हा तिने उठून स्वतः लुगडं सोडलं, घडी केली आणि चुलीकडे गेली.

बहीण पुढे मालवणच्या दवाखान्यात लागली. आसपासच्या वाड्यांतून तिला रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, आणि ती जायची. पुढल्या वर्षी काका माझ्याकडे आले. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. म्हणाले, "मागल्या खोलयेचो एक चिरो सैल झालो आसा. जरा बघतंस येवन?"

मी जाऊन बघितला. "काका, चिरो काय हलणा नाय."

"हलणा नाय? मगे तू हलय," काका म्हणाले, आणि बाहेर जाऊन पान लावायला बसले.

मी पश्चिमेकडून सुरुवात केली.

आमच्या घरातल्या त्या खोलीत बहीण सुट्टीला आली की राहायची. कधी कधी खिडकीत बसलेली असायची, आणि तिला समुद्र दिसतोय की ते धुराडं, हे चेहऱ्यावरून कळत नसे. चहा घेऊन गेलो की दाराची फळी आधी बोटाने वाजवायचो, आणि ती "ये" म्हणेपर्यंत बाहेर उभा राहायचो.