एक लाख एक

वसंत पंचमी, देवास. रक्कम एक लाख एक. हजर: मी, बायको, आमची नीता, नवरा मुलगा, त्याचे आईवडील, मामा, आणि आमच्या धारच्या गल्लीतल्या बाई. लग्नाची बोलणी चालली होती. आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

बाई एकट्या राहायच्या, मुलांना गणित शिकवायच्या. मोठी संख्या दिसली की डोळे बारीक करून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या, "भाग जातो." ऑटोचा नंबर असो की सिलिंडरवरचा. माझी नवी स्कूटर आली तेव्हा हातातला पेढा खाण्याआधीच म्हणाल्या, "तेराने जातो." मी चिडलो. रात्री कागदावर करून पाहिलं. जात होता.

नीता त्यांच्याकडेच शिकली. बाई सोबत हव्यात, हा तिचाच हट्ट.

हुंडा हा शब्द कोणी काढला नाही. मामा 'शगुन' म्हणाले. एवढे कशाला, असं मी विचारल्यावर हसले. "भिया, सवाल पैशाचा नाही. लाखाचे तुकडे पडतात. वर एक ठेवला की आकडा अटूट, जोडी पण अटूट."

समोर सगळे शिकलेले. एकालाही लाज वाटली नाही. नवरा मुलगा मोबाइल बघत होता.

बाईंचा अंगठा पेरांवरून फिरला. "अकराने भाग जातो. अकरा गुणिले नऊ हजार एक्याण्णव."

मामांनी मोबाइलवर करून पाहिलं. आता तरी गप्प बसतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच बोला. याच्या पुढचा न तुटणारा आकडा कोणता?"

बाईंना खोटं बोलताच येत नसे. "एक लाख तीन."

"चला, तर एक लाख तीन. दोन रुपयांत काय जातं."

मला मामांचा संताप आला आणि त्याहून जास्त बाईंचा. अशा माणसांपुढे कशाला एवढं खरं बोलायचं?

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "एकशे एकालाही भाग जात नाही. अटूटच हवं असेल तर तेवढ्यात भागेल."

"एकशे एक तर आम्ही वाढप्याला देतो," मामा म्हणाले.

नीताने नवऱ्या मुलाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

त्याने मोबाइलवरून नजर उचलली. "मामा बडे हैं."

ती उठली. तिच्यामागे आम्ही सगळे.

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. स्कूटर पुसताना अजून नंबराकडे नजर जाते. निकाल द्यायला कोणी नाही.

देवासला शेवटी दिले शून्य. परतीच्या बसमध्ये नीताने पर्समधून शंभराची नोट आणि रुपया काढून बाईंच्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडून फी घेतली नव्हती. त्या दिवशी मात्र अंगठा पेरांवर फिरला नाही. त्यांनी मूठ मिटली आणि धार येईपर्यंत उघडली नाही.