एकेचाळीस राखाडी चौकोन

मी जिथे पार्टटाइम काम करते त्या फोटो स्टुडिओत बोट दाखवून मोठ्याने बोलायची पद्धत आहे. इथे जपानमध्ये ट्रेनचे ड्रायव्हर करतात, तसंच. सिग्नलकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "योशी." म्हणजे बघितलं, ठीक आहे. आमच्याकडे हे तीनदा करायचं असतं. फोटो कार्डावरून कॉम्प्युटरवर आले, योशी. शेवटचा फोटो उघडून, मोठा करून डोळे नीट आलेत का बघितलं, योशी. कार्ड पुसलं, योशी. गिऱ्हाइकांचे चेहरे असलेलं कार्ड दुकानाबाहेर जाता कामा नये, म्हणून ते पुसल्याशिवाय कॅमेऱ्याची बॅग बंद करायची नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. पुण्यात वाढलेल्या बाईला कोणी नियम सांगितला की ती आधी चार शंका काढते. पण सहा वर्षांत इतकी सवय लागली, की घरी गॅस बंद करतानाही माझं बोट वर जातं. नवरा म्हणतो, तू आता पक्की इथली झालीस.

त्या वसंतात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे ओजिमाला आमच्याकडे आली होती. आईला कोड होतं. माझ्या जन्मानंतर ओठांच्या कडेला सुरू झालं आणि हळूहळू कपाळ, मान, दोन्ही हात. तेव्हापासून तिने स्वतःचा फोटो काढू दिला नाही. माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये तिचा फक्त एक हात आहे, अक्षतांचं ताट पुढे करणारा, आणि तोही लांब बाहीच्या ब्लाउजात. बाकी दिवसभर ती फोटोग्राफरच्या पाठीमागे उभी होती. पासपोर्टला फोटो लागलाच, तो तिने इतका घाबरून काढलाय की बघवत नाही. तो पासपोर्टसुद्धा ती उपडा ठेवायची.

ओजिमाला ती आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसायची. तिथे दुपारी तीन-चार जपानी आज्या बसतात. आईला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, त्यांना आईचं, तरी तासन्‌तास बसायच्या. एके दिवशी वर आली आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "अगं, इतके दिवस झाले, एकीनेही विचारलं नाही, हे कशाने झालं म्हणून. बघतसुद्धा नाहीत गं." आणि मग, कप खाली ठेवून, "तू तुझ्या त्या नव्या कॅमेऱ्याने माझा एक फोटो काढ बरं."

मी हातातलं काम तिथेच टाकलं. कॅमेरा नवाच होता, ते मॉडेल बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. आईने हिरवं इरकल नेसलं. मी बाल्कनीतले कपडे वाळत घालायचे दांडे उतरवले. माझी नऊ वर्षांची लेक पांढरी चादर धरून उभी राहिली, उजेड चेहऱ्यावर परतवायला. लेक आजीशी मराठीत बोलायचा कंटाळा करते. ती आपली "वारात्ते, वारात्ते" म्हणत होती, म्हणजे हस. आई हसली. पहिले दहाएक फोटो ती हात पदराखाली घेऊन बसली होती. नंतर विसरली. हात बाहेर आले, मांडीवर आले, आणि एकदा तर तिने गालाला हात लावला. मी एकेचाळीस फोटो काढले.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर आम्ही तिघींनी ते बघितले. आईने चष्मा लावून एकेक बघितला. "बरी दिसते की मी," म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "यातलं काही पुसू बिसू नकोस हं. तुझं ते डाग काढायचं काम असतं ना, तसलं काही करू नकोस. आहे तशी राहू दे." आणि मग ती जे बोलली ते आठवून मला आजही स्वतःचा राग येतो. म्हणाली, "त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो घे ना, दादाला पाठवू." मी म्हटलं, "छे, पडद्याचा फोटो काय काढायचा, मी नीट करून पाठवते." काय तो माझा तोरा. साध्या फोटोची एक प्रत सोबत ठेवायला कॅमेऱ्यात एक बटण असतं, तेही मी बंद ठेवलं होतं. स्टुडिओत आम्ही फक्त रॉ काढतो, म्हणजे कॅमेऱ्याने काही न शिजवलेली फाइल. ती सॉफ्टवेअरमध्येच उघडते, आणि आम्ही ती हवी तशी शिजवतो. साधा फोटो काढणं म्हणजे आमच्यात हौशी लोकांचं काम.

संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावलं. माझं सॉफ्टवेअर जुनं नव्हतं, पण कॅमेरा त्याच्याहून नवा होता. नवं मॉडेल आलं की त्याच्या रॉ फाइलची ठेवण थोडी बदलते आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं अपडेट यायला महिना-दोन महिने जातात. हे मला माहीत होतं. आईच्या चेहऱ्याच्या जागी एकेचाळीस राखाडी चौकोन दिसले, प्रत्येकाखाली फाइलचा नंबर. मी आयात करायचं बटण दाबलं. पट्टी सरकत गेली. शेवटी जपानीत एक चौकट आली, त्यात हा प्रकार अजून चालत नाही असं काहीतरी होतं. म्हटलं, माहितीये रे बाबा, आणि ओके दाबलं.

मग मी बोट दाखवलं. फोटो आले, योशी. दुसऱ्या खेपेला शेवटचा फोटो उघडायचा असतो, तो उघडणारच नव्हता, म्हणून मी राखाडी चौकोनाकडेच बोट केलं आणि म्हटलं, योशी. दोन दिवसांनी लेकीच्या शाळेचा क्रीडादिन होता, कार्ड रिकामं हवं होतं. कार्ड पुसलं, योशी. आई शेजारी बसून बघत होती. "देवाला सांगतेस का गं?" म्हणाली.

क्रीडादिनाला मी लाल-पांढऱ्या टोप्या घातलेल्या पोरांच्या धावण्याचे शेकडो फोटो काढले, कार्ड पार भरेपर्यंत. त्यानंतर, अपडेट आलं की फोटो पाठवते असं माझ्याकडून ऐकून, आई पुण्याला परत गेली. दर रविवारच्या फोनवर तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "आलं का गं ते तुझं अपडेट?" सॉफ्टवेअरचा स जन्मात न उच्चारलेली बाई, पण हा एक शब्द तिने बरोबर धरला होता. मी म्हणायचे, नाही अजून. तेव्हा ते खरं होतं.

जुलैत अपडेट आलं. दुपारी घरात कोणी नव्हतं. मी मुद्दाम चहा करून घेतला, म्हटलं आता आईला निवांत बघू. फोल्डर उघडलं तर आत काहीही नव्हतं. त्या दिवशीचे राखाडी चौकोन कार्डावरचे होते. सॉफ्टवेअरने त्यांतली एकही फाइल उचलली नव्हती, आणि हेच ते मला त्या चौकटीत सांगत होतं. मी सगळा लॅपटॉप धुंडाळला. कार्ड घेऊन स्टुडिओत गेले. तेन्चो, म्हणजे आमचे मॅनेजर, गेलेल्या फाइली परत आणणारा एक प्रोग्राम वापरतात. त्यांनी सगळं काम बाजूला ठेवून तो दोनदा चालवला. परत आल्या त्या पोरांच्या टोप्या. धावणारे पाय. आईच्या फोटोंवर क्रीडादिन चढला होता, आई कुठेच नव्हती. तेन्चोंनी माझ्यापुढे मान झुकवली, जणू चूक त्यांची होती. मला त्या झुकण्याचाही राग आला. मी घरी येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि इतकी रडले, की लेक दारातूनच मागे फिरली.

त्या रविवारी आईने विचारलं, "आलं का गं?"

मी म्हटलं, "नाही अजून."

मनात हिशेब असा, की दिवाळीला पुण्याला जायचंच आहे. तेव्हा काहीतरी निमित्त काढून पुन्हा बसवू, पुन्हा हिरवं इरकल, आणि तिला कळणारही नाही. ऑगस्टभर मी खोटं बोलले. सप्टेंबरमध्येही बोलले. ती म्हणायची, "असू दे, घाई नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी." खरं सांगितलं असतं तर ती चिडली असती, आणि मग कदाचित स्वतःहून दादाला म्हणाली असती, की घे रे बाबा तूच एक काढ. मी तिला तेवढीही सोय ठेवली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात शिरल्या शिरल्या दादाने मला बाजूला घेतलं. "तू काढलेले फोटो दे," म्हणाला. "तिने बजावून ठेवलं होतं. माझा फोटो लावायची वेळ आली तर जपानचाच लावा, दुसरा नको." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कपाटातून आईचा पासपोर्ट काढला. मग म्हणाला, "कोणाला सांगू नकोस," आणि चप्पल घालून बाहेर गेला.

तेराव्याला भिंतीवर फोटो होता. दादाने पासपोर्टचा फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत देऊन मोठा करून आणला होता, आणि तिथल्या माणसाने, न सांगता, चांगुलपणाने, तिचे सगळे डाग पुसून टाकले होते. कपाळ एकसारखं. ओठ एकसारखे. नजर तेवढी घाबरलेली. मी रोज हेच काम करते, त्यामुळे त्याने कुठून कुठे हात फिरवला ते मला उभ्या उभ्या दिसत होतं. काम सफाईदार होतं.

जेवणं झाल्यावर शेजारच्या काकू हात पुसत फोटोपुढे येऊन उभ्या राहिल्या. आई त्यांना जपानच्या फोटोंबद्दल तीन महिने सांगत होती. त्यांनी डोळे टिपले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हाच ना गं तू जपानला काढलेला?" म्हणाल्या. "किती छान काढलास."

मी म्हटलं, "हो."