आनंदीबाईंचं सोवळं आणि पाण्याची धार

हरिश्चंद्र मास्तर रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, पण माणसांपेक्षा त्यांचा जीव पाण्यात जास्त. मुंबईहून बी.एस्सी. होऊन आले ते एकच वेड घेऊन. पाण्याच्या रेणूला विजेची दोन टोकं असतात, एक अधिक नि एक उणं; त्यामुळे एक वळला की लांबचासुद्धा त्याच्याकडे तोंड करून वळतो. घासलेटाच्या रेणूला असलं काही नाही. हे ते भाजीवालीलाही सांगत. ती बिचारी दोन मुळे जास्त देऊन सुटका करून घेई.

१९३४च्या पौषात शाळेची तपासणी आली. मास्तर तीन वर्षं हंगामी होते. नोकरी टिकायची की जायची, ते साहेबांपुढच्या एका पाठावर ठरणार होतं. मास्तरांचा बेत पक्का: काचेची कांडी रेशमावर घासून तिच्यावर वीज चढवायची आणि बुधल्याच्या तोटीतून पडणाऱ्या बारीक धारेजवळ धरायची, की धार कांडीकडे वाकणार. पण शाळेच्या रेशमी रुमालाचा झुरळांनी फडशा पाडला होता. सुती पंच्यावर घासून घासून मास्तर घामाघूम झाले. धार आपली ढिम्म.

घरात रेशीम एकच, आई आनंदीबाईंचं सोवळं. ते उंच वलणीवर असायचं, काठीनेच काढायचं, कुणी शिवायचं नाही. ते नेसूनच त्या देवाचा स्वयंपाक करत. पाठाच्या दिवशी सकाळी मास्तर वलणीखाली घुटमळू लागले.

"वर काय बघतोस रे? फणस लागलेत?" आनंदीबाईंनी विचारलं.

मास्तरांनी चाचरत सगळं सांगितलं, नोकरीचंसुद्धा.

"म्हणजे कांडी पाण्याला शिवत नाही, तरी पाणी वळतं?"

"हो. लांबूनच."

"मग तुझं पाणी माझ्यापेक्षा सोवळ्याचं म्हणायचं!" त्यांनी काठीने सोवळं काढून लेकाच्या अंगावर टाकलं. "ने. नि धार वाकली नाही तर तोंड दाखवू नकोस, मेल्या!"

शाळेत मास्तरांनी ओल जावी म्हणून कांडी शेगडीवर शेकली, रेशमावर घासली आणि धारेजवळ नेली. धार चक्क वाकली! घासलेटाची मात्र सरळच पडत राहिली. चाळीस पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. साहेब तर स्वतःच रेशीम घेऊन कांडी घासत बसले. जाताना म्हणाले, "तुम्हाला कायम करा म्हणून लिहितो."

मास्तर जवळजवळ धावतच घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. रेशीम नाही म्हणून आनंदीबाई विहिरीवर बुडवलेलं ओलं लुगडं नेसून चुलीपाशी बसल्या होत्या. सोवळ्याला तेही चालतं. बाहेर गार वारा सुटलेला, त्यांचे दात वाजत होते, नि हात नैवेद्याची खीर ढवळत होते. सकाळी हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रेणूंची तोंडं कुणीकडे असतात ते ठाऊक असलेल्या या विद्वानाला स्वतःची लाज वाटली. ते पाया पडायला पुढे झाले.

"शिवू नकोस! सोवळ्यात आहे मी," आनंदीबाई ओरडल्या. "वाकली का धार?"

"वाकली, आई."

"मग तिथूनच कर नमस्कार."

मास्तरांनी उंबऱ्याबाहेरच डोकं टेकलं, आणि त्यांना रडू आवरेना.