भांड्याने मोजायच्या वस्तू

निवृत्तीनंतर मी मुलाकडे दिल्लीतल्या द्वारकेत राहायला आलो. नोकरीची सारी वर्षे सैन्यात जवानांना इंग्रजी शिकवण्यात गेली होती. सुभेदार म्हणून बाहेर पडलो. रिकामे बसण्याची सवय नव्हती. म्हणून दुपारी छावणीत जाऊन मराठी जवानांच्या लहान मुलांना शिकवू लागलो. क्वार्टरांच्या मागे पत्र्याची एक खोली होती, ती मिळाली.

मी पुस्तकाने सुरुवात करत नाही. सतरंजीवर वाट्या मांडतो. तांदूळ, साखर, मीठ, पाणी. शेजारी लिंबे, चमचे, बटाटे. ज्याला बोट लावून एक, दोन म्हणता येते ते काउंटेबल. ज्याला तसे म्हणता येत नाही त्याचे भांडे मोजायचे : अ ग्लास ऑफ वॉटर, अ बाउल ऑफ राइस. तेवढ्या वयाला इतके पुरते. अडचण निराळीच येते. दिल्लीत वाढलेल्या या मुलांना चिमूट, पसा, ओंजळ हे शब्द ठाऊक नसतात. इंग्रजीतले चिमूटभर मीठ समजावण्यासाठी आधी मराठीतले समजवावे लागते.

नायक हुद्द्यावरच्या एका जवानाची मुलगी वर्गात सर्वांत तल्लख होती. तिचा बाप सांगलीकडचा, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढपी. एके दिवशी ती आली तेव्हा तिचा डावा कान सुजून जांभळा झाला होता. उजवीकडून हाक मारली तरच ती वळत होती. काय झाले ते शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितले.

"काल यांच्या घरी अंकल लोक आले होते. हिचे पप्पा मम्मीला बोलले, टू टीज. ही बोलली, पप्पा, टी नाही मोजत, कप मोजतात. अंकल लोक खूप हसले. मग ते गेल्यावर हिला मारलं."

"कशाने?"

"आधी हाताने. मग बेलननी."

मी मुलांना घरी पाठवले आणि तिच्या बापाच्या क्वार्टरवर गेलो. तो वर्दीला इस्त्री करत होता. मला पाहताच ताठ उभा राहिला.

"मुलीच्या कानाला काय झालं?"

"पडली, साहेब."

"कानावर?"

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाला, "साहेब, मेसमध्ये मोठमोठे साहेब लोक टू टीज म्हणूनच मागवतात. मी रोज ऐकतो. आणि ही एवढीशी पोरगी मला चार माणसांत शिकवणार?"

"साहेब लोक म्हणतात ते बरोबर. मुलगी म्हणाली तेही बरोबर. लाटणं कुठून आलं मध्ये?"

मी युनिटच्या सुभेदार मेजरांकडे जात असल्याचे सांगितले. तेव्हा त्याची बायको आतून बाहेर आली. तिच्या दंडावरचे वळ जुने होते.

"तक्रार नका करू, साहेब. क्वार्टर गेलं तर आम्हाला गावी जावं लागेल. तिथं कानाचा डॉक्टर नाही. डॉक्टर म्हणालेत, पडदा फाटलाय, भरून येईल. पण पुन्हा मार बसला तर या कानानं कायमचं ऐकू येणार नाही."

मी तक्रार केली नाही. त्याला म्हणालो, "उद्यापासून दुपारी वर्गात हजर राहायचं. मुलीच्या मागे बसायचं."

"जी, साहेब."

निवृत्त सुभेदाराचा हुकूम कोणत्याही नायकाला बंधनकारक नाही. तरीही तो आला. आमच्या सैन्यातल्या लोकांना हुद्दा पेन्शनीनंतरही दिसतो. मी त्यावरच विसंबलो होतो.

दुपारी मेसचे काम आटोपले की तो येई आणि मांडी घालून बसे. "अंकल, तुम्ही पण फेल झालात काय?" असे एका मुलाने विचारले, तेव्हा तो कसनुसा हसला. वाट्या मात्र तोच मांडी, मेसच्या टेबलासारख्या, एका रेषेत. मुलीच्या कानाची सूज उतरू लागली.

एके दुपारी मी डावीकडे उभा राहून तिला दूध कसे मोजाल ते विचारले. तिला ऐकू गेले नाही. तिने लिंबे मोजून दाखवली. मुले हसली.

"बहिरी झालीस काय गं?" असे म्हणत बाप उठला.

त्याने वेणी धरून तिला उभे केले आणि पाठीत बुक्का मारला. ती वाट्यांवर पडली. काचेचा ग्लास फुटला, हनुवटी चिरली. तांदूळ लाल झाले. मुले भिंतीला चिकटली. त्याने पुन्हा हात उचलला, या वेळी कानाच्या दिशेने. माझ्या हातात चालण्याची काठी होती. ती मी सर्व शक्तीनिशी त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

त्याने उलट हात उगारला नाही. मोडलेला हात दुसऱ्या हातात धरला, टाचा जुळवल्या आणि ताठ उभा राहिला. मी काठी दुसऱ्यांदा उचलली. मुलगी मध्ये आली आणि दोन्ही हातांनी काठीला लोंबकळली.

"आजोबा, पप्पांना नका मारू."

तिच्या हनुवटीचे रक्त माझ्या बोटांवर पडत होते. मी काठी खाली घेतली.

इस्पितळात त्याने मेसच्या पायरीवरून घसरल्याचे सांगितले. मी सुभेदार मेजरांकडे जाऊन, त्याने काय केले आणि मी काय केले, दोन्ही सांगितले. चौकशी झाली. त्याची रवानगी बराकीत झाली. बायकोने बोलावल्याखेरीज घरी यायचे नाही, असा हुकूम निघाला. मायलेकींचे क्वार्टर राहिले. मलाही समज देण्यात आली. वर्ग चालू ठेवावा, असे मुलांच्या आयांनी कळवले.

वर्ग पुन्हा भरला त्या दुपारी सगळी मुले आत आली. ती दारात उभी राहिली. हनुवटीला पट्टी होती.

"आत ये."

"पहले डंडा बाहेर ठेवा."

"मला चालायला लागते ती."

"मग बसल्यावर माझ्याकडे द्या. मी ठेवते."

मी बसलो आणि काठी तिच्या हातात दिली. तिने ती बाहेर भिंतीला टेकवली, आत येऊन दाराला कडी घातली आणि मगच वाट्यांजवळ बसली.